नवे ब्रेक पॅड बसेनात, पिस्टन मागे जाईना

रविवारचा_मेकॅनिक
बाईकच्या पुढच्या डिस्कचे पॅड पार घासलेत, मधली खाच पण दिसेनाशी झालीय म्हणून नवे आणले. कॅलिपर (पॅड धरून ठेवणारा भाग) काढला, पिन काढून जुने पॅड बाहेर आले, इथवर सगळं नीट. पण नवे लावले तर मधे इतकी कमी फट राहतेय की डिस्क शिरतच नाही. कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन अंगठ्याने दाबून बघितला, ढिम्म हलत नाही. चुकीचे पॅड आलेत का? गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) आहे म्हणून जोर लावायला भीती वाटतेय.

पाना_दहा_बारा
पॅड बरोबर असतील रे. जुने झिजतात तसतसा पिस्टन बाहेर सरकत येतो, तो मागे ढकलावाच लागतो. पण आधी साफ कर, बाहेर आलेल्या भागावर काळी धूळ चिकटलेली असते ती तशीच आत गेली तर सील जातं आणि मग ब्रेक ऑइल गळत बसतं. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे, वायर ब्रश अजिबात नको. मग हँडलवरच्या ऑइलच्या डबीचं झाकण उघड आणि जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू दाब. ऑइल परत डबीत येतं, मधे कोणी टॉप-अप केलं असेल तर ओसंडेल, आणि टाकीवर सांडलं की रंग गेलाच म्हणून समज. खाली फडकं ठेव, सांडलंच तर लगेच भरपूर पाणी मार.

निवांत_रायडर
एबीएसचं टेन्शन नको, नुसते पॅड बदलताना ऑइलची लाइन उघडतच नाही. फक्त पॅड बाहेर असताना लिव्हरला कोणी हात लावता कामा नये, पिस्टन निसटला तर सगळं ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं, करत बसावं लागेल.

रविवारचा_मेकॅनिक
डबी काठोकाठ भरली होती, सिरिंजने थोडं काढलं आणि गेला एकदाचा आत! कॅलिपर पण बसवला. पण आता लिव्हर सरळ हँडलला टेकतोय, हवा शिरली का?

पाना_दहा_बारा
नाही, पिस्टन पॅडला टेकेपर्यंत तो रिकामाच जाणार. डबी बंद करून कडक होईस्तोवर पंप कर, हे केल्याशिवाय गाडी हलवायचीच नाही कारण पहिल्या दाबाला ब्रेक लागणारच नाही. नंतर लेव्हल बघ, कमी वाटली तर झाकणावर ब्रेक ऑइलचा प्रकार, डॉट ३ की ४, जो लिहिलाय तेच ऑइल घाल. आणि पंप करूनही स्पंजसारखा दबला तर मात्र हवा आहे.

जुनी_गाडी
जुने पॅड टाकलेत का हो? शेजारी शेजारी ठेवून बघा जरा. पिस्टनच्या बाजूचा जास्त झिजला असेल तर कॅलिपरच्या स्लायडिंग पिन जाम असतात, नवे पण तसेच जातील. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, साधं नको, रबर फुगतं. आणि ग्रीसचा हात पॅडला किंवा डिस्कला लागू देऊ नका. सुरुवातीला ब्रेक थोडा कमीच धरेल, पॅड डिस्कवर बसेपर्यंत जोरात दाबू नका.

रविवारचा_मेकॅनिक
पंप केल्यावर लिव्हर एकदम टाइट! पण जुने पॅड बघितले तर आतला, पिस्टनच्या बाजूचा, जवळजवळ संपलेला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक. म्हणजे कॅलिपर परत खोला आता, ग्रीस घेऊन येतो.