"घरकाम कोण करतं?" विचारलं की सगळे म्हणतात "आम्ही दोघं मिळून". आता डिसर्टेशन कसं लिहू?

घोळात_घोळ

नमस्कार मंडळी. जेंडर स्टडीजमध्ये एमए करतोय, दुसरं वर्ष. (हो, मुलगा आहे, वर्गात आम्ही दोघंच आहोत आणि त्यावरचे सगळे विनोद ऐकून झालेत.) पदवी कॉमर्सची, त्यामुळे पहिलं वर्ष नुसते शब्द पचवण्यात गेलं, लिंग (शरीराचं) वेगळं आणि लिंगभाव (जेंडर, समाजाने घडवलेला) वेगळा इथपासून सुरुवात.

डिसर्टेशनला विषय दिला होता 'समाजातील स्त्री-पुरुष भूमिका आणि ओळख'. गाईड मॅडमनी वाचला आणि म्हणाल्या, "अरे हा विषय नाहीये, हे लायब्ररीतलं अख्खं कपाट आहे." मग घासत घासत 'दोघंही नोकरी करणाऱ्या जोडप्यांमधली घरकामाची वाटणी' इथवर खाली आलो. बारा जोडपी ठरलीत, पाच झाली. आणि पाचही जोडप्यांनी मला जवळजवळ शब्दशः एकच वाक्य दिलंय: "आमच्याकडे तसं काही नाही, आम्ही दोघं मिळून करतो." संपलं. पुढे काय विचारणार? तिसऱ्या घरात तर नवरा हेच सांगत होता आणि बायको तेवढ्यात दोनदा उठून गेली, एकदा वॉशिंग मशीन वाजलं म्हणून, एकदा मुलाला कुठलंतरी पुस्तक सापडत नव्हतं म्हणून. दोन्ही वेळा मी रेकॉर्डर पॉज करून ती परत येईपर्यंत बसलो.

आता या एका वाक्याचं चाळीस पानी अ‍ॅनालिसिस कसं करायचं ते सांगा. शिवाय ज्युडिथ बटलर (जेंडरवर लिहिणाऱ्या तत्त्वज्ञ) वाचायला घेतलंय, एका पानाला एक तास जातोय, ते यात कुठे बसवू? आणि शीर्षकात 'ओळख' ठेवू का काढू? मॅडमना पुन्हा तेच विचारायला लाज वाटतेय.

टिपणवही

अरे देवा, पॉज केलास?? तोच तर डेटा होता!

चिडवत नाहीये, माझ्या पीएचडीच्या पहिल्या वर्षात मीही हेच केलंय. मुलाखत म्हणजे आपण विचारलेले प्रश्न आणि त्यांनी दिलेली उत्तरं असं डोक्यात असतं, आणि मधला सगळा 'व्यत्यय' वाटतो. नवरा सलग बोलू शकला कारण कुणीतरी उठत होतं. कोण उठलं, कितींदा, मशीनचा आवाज दोघांनाही आला पण हालचाल कुणी केली, हे त्याच रात्री, झोपायच्या आधी वहीत उतरवायचं. आत्ताही जेवढं आठवतंय तेवढं लिहून ठेव, पण आजची तारीख टाकून, म्हणजे आठवणीतून लिहिलंय हे कळेल.

आणि ते वाक्य फालतू नाहीये. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांचं 'सेकंड शिफ्ट' (दुसरी पाळी, म्हणजे नोकरीवरून आल्यावर घरी सुरू होणारं काम) काढ, १९८९ चं आहे, अमेरिकेतली जोडपी, आणि बाई नुसत्या प्रश्न विचारून थांबल्या नाहीत, काही घरांमध्ये जाऊन बसल्या, मुलांना आणायला गेल्या, दुकानात गेल्या. त्यात एक जोडपं आहे, नावं बदललेली, नॅन्सी आणि इव्हन होल्ट. वर्षानुवर्षं भांडून त्यांनी तोडगा काढलेला की वरचा मजला तिचा, खालचा त्याचा. ऐकायला किती छान! आता वर काय तर स्वयंपाकघर, बैठकीची खोली, बेडरूम, बाथरूम. आणि खाली गॅरेज. शिवाय कुत्रा त्याच्याकडे. आणि दोघंही मनापासून सांगत होते की आम्ही निम्मं-निम्मं करतो. लेखिका याला कुटुंबाचं मिथक म्हणते, म्हणजे खोटं बोलणं नव्हे, तर संसार चालू राहावा म्हणून दोघांनी मिळून सांभाळलेली एक गोष्ट. मग प्रश्न 'हे खरं बोलतायत का' असा राहत नाही, या घराला ही गोष्ट कशासाठी लागते असा होतो. त्यावर चाळीस काय, ऐंशी पानं होतील.

आता बटलर. सध्या बाजूला ठेव, खरंच. आधी कँडेस वेस्ट आणि डॉन झिमरमन यांचा १९८७ चा 'डुइंग जेंडर' हा निबंध वाच, पंचवीस-तीस पानांचा आहे आणि माणसांच्या भाषेत आहे. त्यांचं म्हणणं असं की लिंगभाव म्हणजे आपल्या आत ठेवलेली वस्तू नाही, आपण रोज चार लोकांसमोर तो 'करतो', आणि करताना आपल्याला पक्कं माहीत असतं की यावरून आपल्याला तोललं जाणार आहे. आता तुझा प्रसंग बघ. समोर जेंडर शिकणारा मुलगा रेकॉर्डर घेऊन बसलाय. कुठला नवरा म्हणेल की मी काही करत नाही? आणि कुठली बायको पाहुण्यासमोर म्हणेल की हा करत नाही? "मिळून करतो" हे वाक्य तुझ्यासाठी तयार झालंय. तू त्या खोलीत होतास हे प्रकरणात लिही, लपवू नकोस.

बटलर नंतर वाचलंस तर एक सांभाळ. लिंगभाव पुन्हापुन्हा केलेल्या कृतींतून घडतो असं म्हणणारं १९९० चं पुस्तक ('जेंडर ट्रबल') वाचून पुष्कळ जण समजले की सकाळी कपाट उघडायचं आणि आज कुठलं जेंडर घालू ते ठरवायचं. १९९३ च्या पुढच्या पुस्तकात सुरुवातीलाच बटलरना हा गैरसमज खोडून काढावा लागला. तू तो परत करू नकोस, परीक्षक तिथेच पकडतात.

आकडेमोड

+१ टिपणवही. माझी बाजू आकड्यांची, थोडक्यात लिहितो.

"साधारण किती वेळ घरकाम करता" हा प्रश्नच विचारू नकोस. साधारण म्हटलं की माणूस स्वतःबद्दलचं मत सांगतो. कालचा दिवस विचार, उठल्यापासून झोपेपर्यंत, ओळीने. टाइम यूज सर्व्हे (लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो याच्या पाहण्या) याच तत्त्वावर चालतात, काहींमध्ये दर १० मिनिटांना एक रकाना असतो. त्यात 'मुख्य काम' आणि 'त्याच वेळी चालू असलेलं दुसरं काम' असे दोन कॉलम ठेव, हे फार महत्त्वाचं आहे. नाहीतर बाई इस्त्री करता करता मुलाचा अभ्यास घेत असते आणि तुझ्या तक्त्यात नुसती इस्त्री येते, मूल गायब.

बघायचंच असेल तर अ‍ॅन ओकली यांनी लंडनमधल्या ४० गृहिणींच्या मुलाखती घेतल्या होत्या, पुस्तकं १९७४ ची, त्यात घरकामाचे आठवड्याला सरासरी ७७ तास निघाले. पण तो आकडा तुझ्या जोडप्यांना लावू नकोस, त्या बायका वेगळ्या, काळ वेगळा. तो काढला कसा ते शिक.

आणि तासात न मावणारं एक काम असतं. अ‍ॅलिसन डॅमिंजर यांचा २०१९ चा पेपर आहे, ३५ जोडप्यांवरचा. त्यांनी घरातल्या डोकेफोडीचे चार तुकडे केले: पुढे काय लागणार हे आधीच हेरणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि नंतर ते झालं का यावर लक्ष ठेवणं. निर्णय बऱ्यापैकी दोघं मिळून घेत होते! पण हेरणं आणि लक्ष ठेवणं जास्त करून बायकांकडे. म्हणजे तुझी जोडपी "मिळून" म्हणतात तेव्हा कदाचित त्यांना तिसरा तुकडा आठवत असेल. लसीची तारीख जवळ आलीय हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं, हा प्रश्न विचारून बघ.

उगाचच

सगळं वाचलं. राग मानू नका, पण मला एक कळत नाही. जोडपं म्हणालं नवरा करत नाही, तर सिद्ध झालं की विषमता आहे. म्हणालं दोघं करतात, तर ते 'मिथक' आहे, म्हणजे परत विषमताच. छापा मी जिंकलो, काटा तू हरलास. याला संशोधन म्हणायचं का? भाऊ, त्यापेक्षा मत लिही आणि मोकळा हो.

जुनी_मास्तरीण

उगाचच, तुमचा मुद्दा उगाच नाहीये. वीसेक वर्षं शिकवलं, आणि दरवर्षी निम्म्या डिसर्टेशनमध्ये निष्कर्ष पहिल्या प्रकरणातच बसलेला असायचा, मुलाखती फक्त साक्षीदार म्हणून बोलावलेल्या. याला उपाय एकच, मुलाखतींच्या आधी कागदावर लिहायचं की काय दिसलं तर माझं म्हणणं चुकलं असं मी मानेन. उदाहरणार्थ, कालच्या दिवसाच्या नोंदीत दोघांचे तास सारखे आले, उठणंही सारखं आलं आणि लक्ष ठेवणंही, तर या घरात खरंच वाटणी आहे असं लिहायचं. नाखुशीने नाही, नीट लिहायचं, आणि तिथे ते कसं जमलं हा प्रकरणाचा विषय करायचा. मिथक हा शब्द वापरायचा तर आधी बोलणं आणि करणं यातलं अंतर दाखवावं लागतं, होल्ट जोडप्याच्या बाबतीत ते दाखवलेलं आहे. नुसतं संशयावर चालत नाही.

आता घोळात_घोळ, तुला माझा एक प्रश्न. ही पाच जोडपी मिळाली कुठून? मित्राच्या मित्राकडून ना? म्हणजे शिकलेली, साधारण एकाच पगारातली. त्यातल्या किती घरांत पैसे देऊन कामाला बाई ठेवलीय? कारण मग "आम्ही दोघं मिळून करतो" या वाक्यात एक तिसरी व्यक्ती आहे आणि तिचं नाव कुणी घेतलेलं नाही. ती इथलं आवरून घरी जाते तेव्हा तिची दुसरी पाळी सुरू होते.

वर्गात इंटरसेक्शनॅलिटी हा शब्द तू दहा वेळा ऐकला असशील. म्हणजे लिंग, वर्ण, वर्ग असे भेद एकाच माणसात एकत्र येतात तेव्हा काय होतं ते बघणं. तो नुसता 'सगळ्यांचा समावेश करा' म्हणून आलेला नाही. किंबर्ले क्रेनशॉ कायद्याच्या अभ्यासक, १९८९ च्या त्यांच्या लेखात एक खटला आहे. पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सवर केलेला, १९७६ चा निकाल. कोर्टाचं म्हणणं असं की कंपनीने स्त्रियांना घेतलंय, तेव्हा लिंगावरून भेदभाव नाही. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या. वर्णावरून दाद मागायची तर कृष्णवर्णीय पुरुषांच्या दाव्यासोबत मागा, आणि दोन्ही कारणं जोडून नवाच वर्ग करता येणार नाही. म्हणजे दोन्ही चाळण्यांतून या पाच जणी खाली पडल्या. तुझ्या नमुन्याकडे या नजरेने बघ. सगळ्या प्रकारची जोडपी घे असं म्हणत नाहीये, एमएला ते झेपणार नाही. पण चाळणीतून कोण पडलं ते लिहायला हवं.

आणि गाईडला परत विचारायला लाज कसली, त्याचाच पगार मिळतो आम्हाला.

तळटीप_तेवीस

'ओळख' बद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. काढ. ओळख हा स्वतंत्र विषय आहे, शीर्षकात शोभेला लावायचा नाही. घरकामाच्या मुलाखतीत ती आपोआप डोकावेल ("मी काही त्यातला नवरा नाही" असं कुणी म्हणालं की ती आलीच), तेवढी घे.

माझं डिसर्टेशन ओळखीवरच होतं म्हणून सांगते काय होतं ते. आपल्या भाषेत दुसऱ्याच वाक्यात क्रियापद माणसाचं लिंग सांगून मोकळं होतं, आलो की आले, लपायला जागाच नाही. माझ्याशी बोललेल्या एका व्यक्तीने शाळेबद्दल सांगताना "मी गेले, मी बसले" म्हटलं, कॉलेजपासून पुढे "मी गेलो", आणि आईबद्दल बोलताना पुन्हा "मी रडले". मी ट्रान्सक्रिप्ट करताना शहाणपणा करून, आदर म्हणून, सगळं 'गेलो' 'रडलो' असं एकसारखं केलं. अर्ध्या रात्री लक्षात आलं की मी त्या माणसाची चूक सुधारत नव्हते, माझा विषयच खोडत होते. रेकॉर्डिंग होतं म्हणून वाचले. सगळं पुन्हा ऐकलं, आणि मग त्या व्यक्तीलाच विचारलं की लिहिताना काय ठेवू. उत्तर आलं, जसं बोललोय तसं ठेव, पण तुझ्या वाक्यात मला 'तो' लिही.

तेव्हा दोन गोष्टी. ट्रान्सक्रिप्ट सुधारू नकोस. आणि संमतीपत्र जोडप्याचं एकत्र घेतलं असशील तर आता वेगवेगळं घे. वेगळं बसवून बोललास की एकाने सांगितलेलं दुसऱ्याला कळता कामा नये, चुकूनसुद्धा "ताई तर म्हणाल्या की" असं तोंडातून जाता कामा नये. नाव बदलून भागत नाही, नवरा-बायको एकमेकांची वाक्यं लगेच ओळखतात. छापताना काय गाळायचं ते आधीच ठरव.

घोळात_घोळ

सगळ्यांना खूप थँक्स, दोन आठवडे गायब होतो कारण कामाला लागलो होतो.

ओळख काढली. मॅडमना नवीन शीर्षक दाखवलं, 'आम्ही दोघं मिळून: घरकामाबद्दलचं बोलणं आणि घरातला एक दिवस', त्या "बरंय" एवढंच म्हणाल्या पण पेन आपटलं नाही. मी चुकलो असं कधी मानेन ते एका कागदावर लिहून त्यांच्याकडे देऊन ठेवलंय (उगाचच, हे तुमच्यामुळे). पाचपैकी तीन घरांत कामाला बाई आहे हे विचारल्यावर कळलं, मुलाखतीत एकदाही उल्लेख नव्हता. 'डुइंग जेंडर' निबंध वाचला, खरंच माणसांच्या भाषेत आहे.

आणि सहाव्या जोडप्यापासून कालचा दिवस विचारायला सुरुवात केली, दोघांना वेगवेगळं बसवून. आधी बायको. सव्वापाचपासून सुरू झाली आणि मला लिहायला कागद पुरेना. मग नवऱ्याला दुसऱ्या खोलीत बसवलं, दार लावलं, रेकॉर्डर सुरू. म्हटलं, काल उठल्यापासून ओळीने सांगा. त्याने मनापासून प्रयत्न केला, छताकडे बघितलं, ऑफिसला निघालो तिथवर आला, मग आधी मुलाला कुणी उठवलं यावर अडला. आणि मग दाराकडे तोंड करून ओरडला, "अगं, काल सकाळी काय काय झालं गं?"

पॉज नाही केला.