दहा वर्षांनी वण उरणार नाहीत, म्हणून आज थांबायचं?

वैशाली_फिजिओ
निनाद यांची कालची 'व्रणांचे दिवस भरले' ही पोस्ट वाचली. व्रण न ठेवता जखम भरण्याच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधनाबद्दल त्यांनी मन लावून लिहिलंय, त्यावर तक्रार नाही. पण शेवट असा आहे: 'येत्या दहा वर्षांत जखम भरेल आणि मागे खूणही उरणार नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी व्रणावरची शस्त्रक्रिया आत्ता न करता थोडं थांबावं.' हे वाक्य कालपासून डोक्यातून जात नाहीये.

कोणी थांबायचं? भाजल्याची जखम भरते आणि पुढची लढाई तिथून सुरू होते. मानेची कातडी आखडते, हनुवटी छातीकडे ओढली जाते. काखेत कातडीचा पडदा धरतो, हात डोक्यापर्यंत जात नाही, स्वतःची वेणी घालता येत नाही. बोटं तळव्यात वळून बसतात. वाढत्या वयाचं मूल असेल तर हाड वाढत राहतं, व्रण त्या वेगाने वाढत नाही, आणि सांधा वाकडाच घडतो. माझ्याकडे अशी माणसं फार उशिरा येतात. 'नवीन औषध निघतंय म्हणे, तोवर थांबलो' हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. स्प्लिंट (सांधा सरळ धरून ठेवणारी पट्टी), व्यायाम आणि आखडलेली कातडी वेळेवर सोडवणं, याला आज पर्याय नाही.

आणि ही आशा काही पहिल्यांदा दाखवली जात नाहीये. मँचेस्टरच्या रेनोव्हो कंपनीचं ज्युव्हिस्टा आठवतं का कोणाला? टीजीएफ बीटा-३ हे प्रथिन कापाच्या कडांना टोचायचं, म्हणजे व्रण फिका येतो. २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. फेब्रुवारी २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत औषध नापास झालं आणि कंपनीचा शेअर एका दिवसात कोसळला. छोट्या चाचण्यांत जे दिसलं ते मोठ्या चाचणीत दिसलं नाही.

स्टॅनफर्डचे प्रयोगही उंदरांवरचे. उंदराची कातडी अंगावर सैल असते, त्याची जखम बरीचशी आकसूनच मिटते. आपली जखम नवीन ऊतक भरून मिटते. मग हा दहाचा आकडा आला कुठून?

निनाद_सॅन_होजे
वैशालीताई, एवढ्या मोठ्या पोस्टमधलं एक वाक्य उचलून मला झोडपलंत. ज्युव्हिस्टाचं मढं दरवेळी उकरलं जातं, याची आता सवय झाली आहे.

ज्युव्हिस्टा बाहेरून एक प्रथिन घालून व्रण थोडा सुधारू बघत होतं. एप्रिल २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या लाँगेकर आणि गर्टनर यांच्या गटाने 'सायन्स' या नियतकालिकात जे मांडलं ते मुळापासून वेगळं आहे. त्वचेतल्या काही फायब्रोब्लास्ट (ऊतकाचे तंतू विणणाऱ्या) पेशींमध्ये जखमेनंतर एन्ग्रेल्ड-१ हे जनुक जागं होतं आणि त्याच पेशी व्रण घडवतात. त्याला जागं करतो जखमेवर पडणारा ताण, आणि तो निरोप पोचतो वायएपी या प्रथिनामार्फत. व्हर्टेपॉर्फिनने ती वाट अडवली, तेव्हा उंदराच्या जखमेच्या जागी केस उगवले, ग्रंथी आल्या, कातडीची ताकदही साध्या कातडीइतकी भरली. हे औषध डोळ्याच्या पडद्याच्या आजारावर २००० सालापासून वापरात आहे. म्हणजे शून्यापासून सुरुवात करायची नाहीये. सैल कातडीचं म्हणाल, तर जखमेभोवती चकती शिवून आकसणं रोखायची पद्धत प्रयोगशाळांत केव्हाची रुळली आहे.

शिवाय शरीराला हे मुळात येतं. साधारण २४ आठवड्यांपर्यंतच्या गर्भाच्या त्वचेला झालेली जखम व्रणाशिवाय भरते. मोठेपणीही तोंडाच्या आतली जखम जवळजवळ खूण न ठेवता मिटते. आफ्रिकेतला काटेरी उंदीर शत्रूच्या तोंडात कातडीचा मोठा तुकडा सोडून पळतो आणि केसांसकट नवी कातडी उगवतो, हे २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये आलं आहे. हे सगळं असताना 'उंदीर वेगळा, माणूस वेगळा' एवढं म्हणून फाईल बंद करायची?

तुम्हाला रोज बिघडलेल्या केसेसच दिसतात, म्हणून बाकीच्यांनी आशाच ठेवायची नाही का?

सोलापूरची_मीनाक्षी
मी सहसा लिहीत नाही. माझी मुलगी दीड वर्षाची असताना अंघोळीच्या कढत पाण्याच्या बादलीत पडली. आता नववीत आहे. मांडीची कातडी काढून पोटाला आणि हाताला लावली, त्यामुळे मांडीवरही चौकोनी वण आहे. प्रेशर गारमेंट, म्हणजे वण दाबून धरणारा घट्ट कपडा, दिवसातले तेवीस तास घालायचा. सोलापूरच्या मे महिन्यात तो घालून लेकराला बसवून दाखवा कोणीतरी. लावलेल्या कातडीला घाम येत नाही, उन्हात ती लालबुंद होते. रात्री खाज सुटते तेव्हा नखं कापलेली असली तरी रक्त काढते.

वैशालीताई, व्यायाम आम्ही केला. स्प्लिंट लावला. तुम्ही सांगता ते सगळं केलं. तरी वण आहे तो आहे. निनाद यांची पोस्ट मी तिला वाचून दाखवली आणि तिने पुन्हा वाचायला मागितली. ग्रंथी परत येतात हे वाक्य तिने दोनदा वाचलं. तुम्हाला ते खोटं वाटत असेल तर वाटू दे, पण तुमचं उत्तर मी तिला दाखवणार नाही.

वैशाली_फिजिओ
मीनाक्षीताई, तुमच्या मुलीचा हात आज वर जात असेल तर तो तुम्ही घेतलेल्या कष्टांमुळे. माझा राग तुमच्या आशेवर नाही, 'थांबा' या शब्दावर आहे.

पण एक सांगायलाच हवं, कारण पोस्टमध्ये ते आलेलं नाही. स्टॅनफर्डच्या प्रयोगात औषध ताज्या जखमेत दिलं होतं. जुन्या वणावर ते चोळलं की वण जाईल असं त्यात कुठेही नाही. जुन्या वणासाठी वापरायचं ठरलं तरी आधी तो कापून नवी जखम करावी लागेल. निनाद, हे तुम्हाला माहीत आहे. लिहिलं का नाहीत?

चंदू_चिंचवड
आणि केलॉइडचं, म्हणजे जखमेच्या बाहेर वाढत जाणाऱ्या व्रणाच्या गाठीचं, काय? सगळी चर्चा भाजण्यावर चालली आहे. माझ्या छातीवर एका पुटकुळीतून गाठ सुरू झाली, ती आता तळहाताएवढी आहे. एका ठिकाणी 'कापून टाकू, विषय संपला' म्हणाले. कापली, आणि पहिल्यापेक्षा मोठी उगवली. नुसतं कापलं तर केलॉइड बहुतेकदा परत येतो, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. मग केनाकोर्ट या स्टेरॉइडची इंजेक्शनं. ती टोचताना काय होतं ते ज्याने घेतली आहेत त्यालाच विचारा. मग लेसरचं पॅकेज, आगाऊ पैसे भरून.

निनाद, तुमच्या उंदरांना केलॉइड होतच नाही. तो माणसालाच होतो, त्यातही सावळ्या आणि काळ्या कातडीला जास्त. मग उंदरावरचं औषध आमच्या काय कामाचं? आमच्यासारख्यांना टोचून नवा केलॉइड उठला तर जबाबदार कोण?

निनाद_सॅन_होजे
चंदू, केलॉइडचा दावा मी केलेलाच नाही. प्रत्येक गोष्ट माझ्या अंगावर टाकू नका.

वैशालीताई, ताज्या जखमेचा मुद्दा बरोबर आहे. लिहायला हवं होतं असं तुम्ही म्हणता, मी म्हणतो लेख सामान्य वाचकांसाठी होता. आणि कापून पुन्हा शिवणं ही शस्त्रक्रिया आजही होतेच, त्यात औषध घातलं तर बिघडलं कुठे?

सायन_सिस्टर
निवृत्त आहे. आयुष्य जळितांच्या वॉर्डात गेलं. तुम्ही दोघं उद्यासाठी भांडताय. मला आजचं बोलायचंय.

निम्मं अंग भाजलेल्या माणसाला व्रण कसा राहील याची चिंता करायला आधी जगावं लागतं. त्याच्या स्वतःच्या अंगावर काढायला पुरेशी कातडी उरलेली नसते. तेव्हा मृत व्यक्तीची दान केलेली कातडी वर लावतात. ती कायमची राहत नाही, काही आठवड्यांत शरीर ती नाकारतं, पण तेवढ्या काळात पाणी झिरपणं थांबतं, जंतुसंसर्ग आवरतो, वेदना कमी होतात. मुंबईत सायन रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांनी त्वचापेढी उभी केली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. त्याआधी याच मुंबईत वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची ड्रेसिंग लहान मुलांना लावत होते, १९८५ मध्ये त्यांनी ते छापलंही. पैसा नव्हता म्हणून डोकं चालवलं, आणि जखमा भरल्या.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसं मध्यम किंवा गंभीर भाजतात. आणि पेढ्यांमध्ये कातडी पुरत नाही. नेत्रदानाचा फॉर्म भरणारी माणसं त्वचादान म्हटलं की अंग चोरतात. हे बोला ना कोणीतरी.

बापू_सातारकर
सिस्टर, तुमच्या सेवेबद्दल आदर आहे. पण माणूस गेल्यावर त्याची कातडी सोलायची, हे ऐकवत नाही. डोळे वेगळे. आमच्याकडे देहाला शेवटची अंघोळ घालतात. ती कशी घालायची?

सायन_सिस्टर
बापू, 'सोलायची' हा शब्द मागे घ्या. मांड्या, पाय आणि पाठ इथला अगदी पातळ वरचा थर घेतात. चेहरा, छाती, हात यांना हात लावत नाहीत. रक्त वाहत नाही, पट्टी बांधून देतात, अर्ध्यापाऊण तासात काम होतं. धोतर किंवा साडी नेसवल्यावर काही दिसत नाही. अंघोळ घाला, सगळं करा. मी शेकडो नातेवाइकांना हे समजावलंय आणि त्यांतले बरेच तुमच्यासारखेच बोलायचे.

प्रसाद_डोंबिवली
बापूंसारख्या माणसांमुळेच माझ्या आईची इच्छा राहून गेली. तिने लिहून ठेवलं होतं. रात्री गेली. मृत्यूचा दाखला द्यायला ओळखीचे डॉक्टर मिळेनात, जे मिळाले ते सकाळी येतो म्हणाले. पेढीचा फोन लागला, टीम निघायला तयार होती. सहा तासांच्या आत कातडी घ्यावी लागते. मी दाखल्यासाठी फिरतोय आणि इकडे काका दारात उभे, 'वहिनीला फाडू देणार नाही.' तेवढ्यात वेळ गेली. नंतर तेराव्याला तेच काका आईच्या परोपकाराचं कौतुक करत होते.

बापू_सातारकर
तुमच्या काकांचा राग माझ्यावर काढू नका. मी कोणाच्या आईला अडवलेलं नाही. शोकात असलेल्या घराला सहा तासांचं घड्याळ दाखवणारे तुम्ही, आणि दोष आमचा?

प्रसाद_डोंबिवली
घड्याळ कातडीचं आहे, माझं नाही. उशीर झाला तर ती कोणाच्याच उपयोगाची नाही.

चंदू_चिंचवड
धागा व्रणांवर होता ना? आता अंत्यविधीवर आलो.

सायन_सिस्टर
चंदू, विषय तोच आहे. उघडी जखम जितकी लांबते, व्रण तितका जाड होतो. वेळेवर झाकलेली जखम चांगली भरते. व्रण कमी करायचा आज हातात असलेला उपाय हाच, आणि त्याहून आधीचा उपाय नळाखाली आहे. भाजल्याबरोबर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. अजूनही पोरं टूथपेस्ट, हळद आणि शाई फासून वॉर्डात येतात. ती खरवडून काढताना त्यांचा आरडाओरडा ऐकायला संशोधकांना बोलवा.

बापू_सातारकर
हे मात्र खरं. माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत. आमच्या पिढीत घरटी एकाला असायचे. कुठल्या मलमाने ते गेले नाहीत, पण माझ्या मुलांच्या तोंडावर नाहीत, कारण लस टोचली आणि देवीच गेली. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. स्टोव्हचे भडके थांबवा, कढत पाण्याची बादली उंचावर ठेवा, मग औषधाचं बघू.

सोलापूरची_मीनाक्षी
बापू, बादली उंचावर ठेवायची हे मला आता सांगून काय उपयोग? माझ्या मुलीला झालंय ते झालंय. तिच्यासाठी काय, ते बोला. संशोधन व्हायलाच हवं. ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये डॉ. फिओना वूड यांनी कातडीच्या पेशींचा फवारा केला, २००२ च्या बाली बॉम्बस्फोटातल्या भाजलेल्यांना तो वापरला, तेव्हाही लोक शंका घेतच होते. अमेरिकेने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. टपाल तिकिटाएवढ्या कातडीत मोठी जखम झाकते. तेव्हा हे आपल्याकडे मिळालं असतं तर माझ्या मुलीची मांडी एवढी सोलावी लागली नसती.

वैशाली_फिजिओ
पटलं. फक्त एवढं, की खोल भाजलं असेल तर नुसत्या फवाऱ्याने भागत नाही. खालचा थरच गेलेला असतो, म्हणून जाळी केलेल्या ग्राफ्टबरोबर, म्हणजे दुसरीकडून काढून लावलेल्या कातडीबरोबर, तो वापरतात. केस आणि ग्रंथी त्यातूनही येत नाहीत. त्या बाबतीत निनाद यांचे उंदीर पुढे आहेत, हे मी मान्य करते, आणि एवढंच मान्य करते.

मुलीच्या खाजेसाठी मात्र पुन्हा दाखवा. नववीतली मुलगी म्हणजे उंची वाढायचं वय, हातावरची कातडी परत ओढू लागली आहे का ते आत्ताच बघायला हवं. कोपर पूर्ण सरळ होतं का, घरी तपासा. होत नसेल तर यंदाची दिवाळीची सुट्टी दवडू नका.

सोलापूरची_मीनाक्षी
पूर्ण होत नाही. थोडं राहतं. मला वाटलं होतं दहावी झाल्यावर बघू.

वैशाली_फिजिओ
बघा निनाद. याच 'बघू'साठी मी लिहायला बसले.

निनाद_सॅन_होजे
'थांबावं' हे वाक्य काढतोय. त्याजागी 'सांधा आखडत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली शस्त्रक्रिया लांबवू नये' असं टाकतो. औषध ताज्या जखमेत दिलं होतं हेही घालतो. मीनाक्षीताईंसाठी करतोय, या धाग्यावरच्या सुरासाठी नाही.

दहा वर्षांचा आकडा मात्र राहील. औषध जुनं आहे, वाट कळली आहे, मोठ्या चाचण्यांना पैसा मिळाला तर ते शक्य आहे असं मला वाटतं.

वैशाली_फिजिओ
'मिळाला तर' हे शब्द आकड्याच्या शेजारीच छापा.

बापू_सातारकर
सिस्टर, मी होय म्हटलेलं नाही. नुसतं विचारतो. वय झालं आहे, मधुमेह आहे. माझ्यासारख्याची कातडी चालते का?

सायन_सिस्टर
चालते बापू. वयाची वरची मर्यादा नाही, मधुमेह आणि रक्तदाब आड येत नाहीत, रक्तगट जुळवावा लागत नाही. कावीळ ब आणि क, एचआयव्ही, त्वचेचा कर्करोग असेल तर घेत नाहीत. पण तुम्ही फॉर्म भरून उपयोग नाही, घरच्यांनी फोन करायला हवा. मुलांना सांगून ठेवा, आणि दाखला रात्री कोण देईल तेही आत्ताच ठरवा.