डॅशबोर्डखालचं मॉड्यूल, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, बदलणं म्हणे अर्ध्या तासाचं काम!

जुनी_गाडी: "दोन बोल्ट, दोन कनेक्टर, अर्ध्या तासात कंट्रोल मॉड्यूल बदलून होतं, मेकॅनिक उगाच बाऊ करतात." काल इथे हे वाचलं आणि राहवलं नाही. बोल्ट कुणीही काढेल. पण मॉड्यूलच गेलंय हे ठरवलं कशावरून? माझी गाडी सुरू होईना, स्कॅनरवर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) मॉड्यूलशी संपर्क तुटल्याचे कोड. मॉड्यूल बदललं. आठवड्यात पुन्हा तेच! शेवटी कार्पेट उचललं तर खाली पाणी. एसीची ड्रेन नळी तुंबलेली, अर्थच्या (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह वायरच्या) टर्मिनलवर हिरवा गंज. जुनं मॉड्यूल ठणठणीत होतं.

स्पॅनर: ती पोस्ट माझी. निदान तुमचं चुकलं, त्याचा राग माझ्यावर का? बॅटरीची निगेटिव्ह काढायची, थोडं थांबायचं, लॉक दाबून कनेक्टर सोडवायचा. मी तीन बदललीत.

मल्टिमीटर: त्या तिनांतली खरंच खराब किती होती? कॅन बस (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती दोन तारांची लाइन) असलेल्या बहुतेक गाड्यांत बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतात ते) 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. 60 च्या आसपास हवेत. लाइनच्या दोन्ही टोकांना रेझिस्टर असतात; 120 आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा त्याची वायर तुटलीये. आणि एक सेन्सर शॉर्ट झाला की सेन्सरांना वीज देणारी 5 व्होल्टची लाइन बसते, तिच्यावरचे बाकीचे सेन्सरही मेल्यासारखे दिसतात. बदललं मात्र जातं मॉड्यूल.

सोल्डर: खरा त्रास पुढेच आहे. मी दुसऱ्या जुन्या गाडीतून काढलेलं मॉड्यूल बसवलं. इंजिन दोन सेकंद चालून बंद, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) किल्ली ओळखेना. गाडी माझी, किल्ली माझी, आणि दोघांची ओळख करून द्यायची परवानगी कंपनीकडे मागायची?

चावी: मागायचीच. माझी गाडी चोरीला गेलीय. कुठलंही मॉड्यूल चाललं असतं तर चोर स्वतःचं घेऊन आला असता.

सोल्डर: म्हणजे मी चोर?

चावी: तसं म्हटलेलं नाही. शब्द तोंडात घालू नका.

सोल्डर: मग मालकी सिद्ध केली की कोडिंगचं, म्हणजे मॉड्यूल आणि किल्ली जुळवायचं, साधन मिळालं पाहिजे. एवढं तरी कबूल करा.

चावी: कागद दाखवून मिळत असेल तर माझी हरकत नाही. पण बिनकागदाचं नाही म्हणजे नाही.

स्पॅनर: मूळ मुद्द्यावर या. त्या तिनांतलं काढून कपाटात ठेवलेलं एक जुनं मॉड्यूल रात्री परत लावून पाहिलं. चाललं. अर्थ तपासायला हवा होता, मान्य. पण अर्धा तासच लागला, हेही लिहून ठेवा.

मल्टिमीटर: अर्थ तपासताना लोड (दिवे, पंखा वगैरे) चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरमध्ये किती व्होल्ट गळतात ते, बघा. नुसते ओहम मोजाल तर एका तंतूवर लटकलेली वायरही चांगली दाखवेल.