व्हीटग्रास : गव्हांकुर, रानगहू की आणखी काही?

भाषांतरवाली :
मंडळी एक शब्द अडलाय. अमेरिकेतल्या कुरणांवरचा एक मोठा लेख मराठीत आणतेय आणि त्यात पानोपानी व्हीटग्रास येतंय, क्रेस्टेड व्हीटग्रास, वेस्टर्न व्हीटग्रास, टॉल व्हीटग्रास, ब्लूबंच, इंटरमीजिएट. नेटवर जिथं बघावं तिथं एकच प्रतिशब्द, गव्हांकुर. पण "डाकोटातली गुरं एप्रिलमध्ये गव्हांकुर चरतात" हे वाक्य मी घरी मोठ्याने वाचलं तर सासूबाई म्हणाल्या, एवढा गहू गुरांसाठी पेरतात का गं तिकडे? त्या स्वतः रोज सकाळी रस घेतात त्यामुळे त्यांना गव्हांकुर म्हणजे काय ते नेमकं माहितीये. लेखातलं गवत तर कुणी न पेरता शेकडो मैल उभं आहे. मग याला मराठीत म्हणायचं काय? रानगहू चालेल का? आणि ही सगळी एकाच गवताची नावं आहेत की वेगवेगळी गवतं? त्यांचा लोकांना रोजचा उपयोग काय, हे कळलं तरच मला शब्द निवडता येईल असं वाटतंय.

माळकरी :
ताई, गव्हांकुर इथे अजिबात नको. इंग्रजीतच घोळ आहे, एका शब्दाखाली दोन वस्तू. एक म्हणजे आपला खाण्याचा साधा गहू, कुंडीत दाट पेरून आठदहा दिवसांत ओंबी यायच्या कितीतरी आधी कापलेली कोवळी पात. हे खूळ १९३० च्या दशकात कान्सास सिटीच्या चार्ल्स श्नाबेल यांच्यापासून सुरू झालं, त्यांनी धान्याची कोवळी पात वाळवून आधी कोंबड्यांना खाऊ घातली होती, मग पुढे बोस्टनच्या अ‍ॅन विगमोर यांनी रस लोकप्रिय केला आणि तो आपल्याकडे आला तेव्हा गव्हांकुर हा छान शब्द मिळाला. तो तिथंच राहू दे.

दुसरी वस्तू म्हणजे तुमच्या लेखातली, गव्हाच्या गोतातली बहुवर्षायू रानगवतं. एक नाही, पुष्कळ. पूर्वी या सगळ्यांना अ‍ॅग्रोपायरॉन या एकाच कुळीत घालत. ग्रीकमध्ये अ‍ॅग्रोस म्हणजे शेत आणि पायरोस म्हणजे गहू. नंतर वनस्पतीवाल्यांनी ती कुळी फोडली, आता अ‍ॅग्रोपायरॉनमध्ये फक्त क्रेस्टेड आणि त्याची सख्खी भावंडं उरली, बाकीची एलिमस, थायनोपायरम, पास्कोपायरम, स्यूडोरोग्नेरिया अशी पांगली. नावं कशी पाडलीत बघा, थायनोपायरम म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूतला गहू, पास्कोपायरम म्हणजे कुरणातला गहू, एरेमोपायरम म्हणून एक आहे तो ओसाड रानातला गहू. सगळीकडे पायरोस कायम. म्हणजे मराठी शब्दात गहू यायला हरकत नाही, अंकुर मात्र यायला नको, कारण ही गवतं कोवळी कापून प्यायची नाहीत, वर्षानुवर्षं एका जागी उभी राहणारी आहेत.

रानगहू मी का नको म्हणेन, तर तो शब्द आधीच हवाय दुसऱ्याला. आपल्या खपली गव्हाचा जंगली पूर्वज आहे, १९०६ मध्ये अ‍ॅरन अ‍ॅरनसन यांना तो गॅलिलीत रोश पिना इथे सापडला, तो खरा रानगहू. ती जात वर्षायू, दाणा मोठा, ट्रिटिकम म्हणजे गव्हाच्याच कुळीतली. त्याला रानगहू म्हणायचं आणि कुरणातल्या गवतालाही रानगहू म्हणायचं तर शेतीच्या इतिहासावरचं पुढचं भाषांतर करणारा रडेल.

माझं मत गहूगवत. आपण हत्तीगवत म्हणतोच की. आणि कृषी खात्याच्या पुस्तिकांत गिनी गवत, पॅरा गवत, ऱ्होडस गवत असं परदेशी नाव आणि पुढे गवत ही पद्धत रुळलेली आहे, त्यामुळे क्रेस्टेड गहूगवत, वेस्टर्न गहूगवत असं लिहिलं तर शेतकऱ्यालाही खटकणार नाही.

नांगरट :
माळकरीदादा गहूगवत ठीक आहे पण एक शंका, गव्हात उगवणारं तण असा अर्थ नाही का निघणार? आमच्याकडे "गव्हातलं गवत" म्हणजे तणच.

माळकरी :
जोडून लिहिलं आणि पुढे जातीचं नाव आलं की नाही निघत. हत्तीगवत वाचून कुणाला हत्तीवर उगवलेलं गवत वाटत नाही. पहिल्यांदा येईल तिथे ताईंनी अर्ध्या ओळीत सांगून टाकावं, गव्हाच्या नात्यातली कुरणी गवतं म्हणून, बस.

आता उपयोगाचं विचारलंत ते सांगतो, कारण त्यावरूनच या जाती वेगळ्या कळतात. क्रेस्टेड हे मूळचं अमेरिकेचं नाहीच, ते रशिया सैबेरियाकडच्या स्टेपचं, म्हणजे गवताळ मैदानांचं. एन. ई. हॅन्सन नावाचे साउथ डाकोटाचे वनस्पतीशोधक १८९७-९८ च्या रशिया दौऱ्यातून बी घेऊन आले, पुन्हा १९०६ मध्ये आलं. काही वर्षं ते प्रयोगाच्या प्लॉटपुरतंच होतं, मग १९३० च्या दशकात धुळीची वादळं आली, नांगरून उघड्या पडलेल्या जमिनीची माती उडून गेली, तेव्हा ती जमीन धरून ठेवायला हे गवत प्रचंड प्रमाणात पेरलं. थंडी सोसतं, पाऊस कमी चालतो, बर्फ वितळलं की सगळ्यांच्या आधी हिरवं होतं, म्हणून तर तुमच्या लेखातली गुरं एप्रिलमध्ये त्यावर आहेत. उन्हाळ्यात ते राठ होतं मग गुरं दुसऱ्या गवताकडे हलवतात. त्याचा तोटाही लेखात असेलच, एकदा जम बसला की स्थानिक गवतांना आत येऊ देत नाही, लाखो एकर एकाच गवताचे होऊन बसले. माती वाचली हे खरं आणि रान एकसुरी झालं हेही खरं, भाषांतरात दोन्ही बाजू जपा.

वेस्टर्न मात्र तिथलंच, निळसर झाक असलेलं, जमिनीखालून पसरत जाणारं. नॉर्थ डाकोटा, साउथ डाकोटा आणि वायोमिंग तिन्ही राज्यांचं ते राज्यगवत आहे, आपल्याकडे राज्यफूल असतं तसं. रस्त्याच्या भरावावर, खाणी बंद झाल्यावर त्या जागेवर हेच लावतात कारण माती घट्ट बांधतं. झाडं नसलेल्या मुलखात पूर्वी वसाहतवाले गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापून त्यांची घरं बांधत, त्यातही या गवताचे ठोकळे वापरात होते. ब्लूबंच हे झुपक्याझुपक्याने वाढणारं, माँटाना आणि वॉशिंग्टनचं राज्यगवत, चराईला उत्तम पण वाढीच्या ऐन काळात ओरबाडून खाऊ दिलं तर खंगतं. आणि टॉल म्हणजे खरोखर पुरुषभर उंच, खारट चोपण जमिनीत टिकणारं. उत्तरेकडच्या सपाटीवर शेतात त्याच्या ओळी लावतात, वारा अडतो आणि हिवाळ्यात उडणारं बर्फ त्या ओळींपाशी साठून तेवढी ओल जमिनीला मिळते. ऑस्ट्रेलियातही खाऱ्या जमिनीसाठी नेलं आणि तिथे ते दलदलीच्या काठांवर नको तितकं पसरलं.

नांगरट :
जमिनीखालून पसरणारं म्हटलंत म्हणून विचारतो. इंग्रजीत काउच ग्रास किंवा क्वॅकग्रास म्हणतात ते पण व्हीटग्रासच ना? आमच्या एका जुन्या पुस्तकात काउच ग्रास म्हणजे हरळी लिहिलंय.

माळकरी :
हो आणि हाच सगळ्यात मोठा खड्डा आहे, ताईंच्या लेखात आलं तर सांभाळा. ब्रिटनमध्ये काउच म्हणजे एलिमस रेपेन्स, जुनं नाव अ‍ॅग्रोपायरॉन रेपेन्स, म्हणजे अस्सल गहूगवत. ऑस्ट्रेलियात मात्र काउच म्हणजे सायनोडॉन, आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. ते पुस्तक कुठल्या देशातलं बघून अर्थ लावला ते बघायला हवं. हरळी ऊन्हाची, एलिमस थंडीचा, आपल्या माळावर एलिमस उगवतच नाही. हिमालयात वर लडाखकडे गेलात तर एलिमसच्या काही जाती भेटतात आणि तिबेटच्या पठारावर याकांचा तो महत्त्वाचा चारा आहे.

पण गल्लत का होते तेही समजून घ्यायला मजा येते, कारण दोघांची खोड एकच. काउच, क्वॅक, क्विच हे तिन्ही शब्द जुन्या इंग्रजीतल्या क्विचे वरून, त्याचा अर्थ जिवंत, मरत नाही असा. जर्मनमध्ये क्वेके. शेतकऱ्याने वैतागून ठेवलेलं नाव आहे हे.

नांगरट :
वैतागाचं तर विचारूच नका. काळ्या रानात हरळी आणि कुंदा असला की उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, मग बायामाणसं लावून काश्या, म्हणजे जमिनीखालून पसरणारी खोडं, वेचायच्या, वाळवायच्या, जाळायच्या, आणि त्यातूनही बोटभर तुकडा राहिला तर पावसाळ्यात पुन्हा हजर. कुळव नुसता फिरवला तर उलट तुकडे होऊन वाढतं. ताई, तुमच्या लेखात रायझोम शब्द असेल तर मूलक्षोड वगैरे लिहू नका हो, काश्या लिहा. हा शब्द अजून जिवंत आहे आणि नेमका याच वस्तूसाठी आहे.

भाषांतरवाली :
काश्या! लगेच वहीत घेतला. लेखात एक वाक्य आहेच की क्वॅकग्रासच्या रायझोमचा औषधात वापर व्हायचा, तिथे टाकते. पण तणाच्या काश्यांचं औषध?

माळकरी :
होय, युरोपात फार जुनं. काश्या धुऊन वाळवून काढा करत, लघवी साफ होण्यासाठी, मूत्रमार्गाच्या तक्रारींवर. चव गोडसर असते कारण त्यात ट्रायटिसिन नावाची साखरेची साखळी साठवलेली असते, हे नावही ट्रिटिकमवरून म्हणजे गव्हावरूनच. टंचाईच्या काळात त्याच काश्या दळून पिठात मिसळल्यात, भाजून कॉफीसारख्या प्यायल्यात. आणि आता तुमच्या आवडीची गोष्ट, इटलीत ग्रामिन्या हा एकच शब्द एलिमस आणि हरळी दोघांना चालतो आणि दक्षिण युरोपातल्या औषधांच्या दुकानात एलिमसच्या जागी हरळीच्या काश्या विकल्या जायच्या. म्हणजे जुन्या पुस्तकातली गल्लत निव्वळ भाषांतरकाराची नव्हे, बाजारानेच दोघांना एका पुडीत बांधलं होतं. आयुर्वेदातही दूर्वा औषधात आहेच. तरी भाषांतरात दोन वेगळी ठेवायची, कारण हरळी म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यासमोर दूर्वांची जुडी येते.

मिनेसोटाकर :
मी इथे अमेरिकेत राहते, शेतीतली नाही पण इंटरमीजिएट व्हीटग्रासबद्दल थोडं भर घालू का? ते इथे खायला मिळतं. कान्सासमधल्या सलायना गावची द लँड इन्स्टिट्यूट, वेस जॅक्सन यांनी १९७६ मध्ये काढलेली, त्यांनी या गवताचा दाणा निवडून निवडून मोठा करत नेलाय आणि त्या दाण्याला कर्न्झा नाव दिलंय. त्याआधी १९८० च्या दशकात रोडेल इन्स्टिट्यूटने हेच गवत धान्यासाठी निवडलं होतं. एकदा पेरलं की काही वर्षं परत पेरायचं नाही, नांगरायचं नाही, मुळं तीन मीटरपर्यंत खाली जातात त्यामुळे माती वाहून जात नाही आणि खताचा नायट्रेट पाण्यात उतरत नाही. दाणा अजून गव्हाच्या पाचव्या हिश्शाएवढा असेल, जिऱ्यासारखा लांबट. याची बिअर २०१६ पासून निघते. मी पीठ आणलं होतं, चव खमंग, थोडी अक्रोडबदामासारखी, पण ग्लूटेन कमकुवत असल्यामुळे नुसत्याची पोळी लाटताना तुटते, कणकेत पाव हिस्सा मिसळलं तर छान होते, थालीपिठाला तर फारच छान. आता याला मी घरी गहूगवताचं पीठ म्हणायला लागेन.

माळकरी :
वा, हे थालीपीठ प्रकरण ताईंनी तळटीपेत घ्यावं इतकं चांगलं आहे. बहुवर्षायू गव्हाचं स्वप्न जुनं बरं का, १९३० च्या दशकात सोव्हिएत रशियात त्सित्सिन या वनस्पतीशास्त्रज्ञांनी गहू आणि हीच गवतं यांचा संकर मोठ्या प्रमाणावर केला, रशियनमध्ये या गवतांना पिरेय म्हणतात. बहुवर्षायू गहू काही शेतावर रुजला नाही, पण त्या वाटेने एक मोठी गोष्ट हाती आली, तांबेऱ्याला दाद न देणारे जीन. टॉल गहूगवतातून एसआर २४, एसआर २६, एलआर १९ असे जीन गव्हात आणले गेले. एसआर खोडावरच्या तांबेऱ्यासाठी, एलआर पानावरच्या. भारतात निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या केंद्राने या जीनवर बरंच काम केलंय आणि आपल्या महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे तिथे वाणांची रोगाविरुद्ध पारख होते. गेरवा आणि तांबेरा एकच, दोन्ही शब्द वापरात आहेत. म्हणजे हे गवत आपल्या मातीत उगवत नसलं तरी त्याचा अंश गव्हाच्या पिकातून आपल्यापर्यंत पोचलेला आहे, आणि मला वाटतं तुमच्या मराठी वाचकाला हा धागा सांगायलाच हवा, नाहीतर डाकोटातल्या गवताशी आपला काय संबंध असं वाटून तो पान उलटेल.

रुजवण :
उशिरा आले, फक्त गव्हांकुर शब्दावर थोडं. हा शब्द रसाच्या बाटलीवर आला तो नंतर, पण वस्तू आपल्याकडे नवी नाही. घटस्थापनेला घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतो, नऊ दिवसांत पिवळट कोवळी पात वर येते, ती दसऱ्याला देवाला वाहून पुरुषमंडळी टोपीत खोचतात, बायका केसात माळतात. आमच्याकडे त्याला रुजवण म्हणतात, कुठे नुसतं घट म्हणतात, कुठे तुरे. म्हणून मलाही वाटतं अंकुर आणि रुजवण हे शब्द पेरलेल्या, घरातल्या, थोड्या दिवसांच्या पातीलाच राहावेत. आणि शुद्धलेखनाचं विचाराल तर गव्हांकुर, कु ऱ्हस्व, अंकुर तत्सम आहे म्हणून.

भाषांतरवाली :
सगळ्यांचे मनापासून आभार. गहूगवत नक्की केलं, काश्या नक्की, एलिमस रेपेन्सला क्वॅक गहूगवत लिहून हरळीपासून लांब ठेवते. शेवटचा एकच प्रश्न, क्रेस्टेड म्हणजे ज्याचा तुरा फणीसारखा चपटा दातेरी दिसतो असं लेखात वर्णन आहे. तिथे कणीस म्हणू की ओंबी की तुरा?

नांगरट :
कणीस ज्वारीबाजरीचं, लोंबी भाताची, तुरा उसाला. गव्हाच्या गोतातलं आहे ना, मग ओंबीच. फणीसारखी ओंबी.

माळकरी :
ओंबीच. आणि टोकाला केसासारखं असतं त्याला कुसळ.