ईसीजी नॉर्मल म्हणजे विषय संपला?

मालवणच्या एका ताईंनी लिहिलंय: छातीत धडधड, ईसीजी नॉर्मल, डॉक्टर म्हणाले 'टेन्शन घेऊ नका'. दिलासा खरा, पण अपुरा. २०१० साली २० अभ्यासांचं, सुमारे अडीच लाख लोकांचं एकत्रित विश्लेषण झालं. चिंताग्रस्तांना पुढे हृदयविकार होण्याचा धोका साधारण २६ टक्के जास्त दिसला. चिंतेमुळेच झाला, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही. चिंतेत अ‍ॅड्रेनॅलिन (ताणाचं संप्रेरक) चढलेलं, झोप उडालेली, त्यात आपल्याकडे जीव घाबरला की मिश्री नाहीतर विडी (मिश्री म्हणजे तंबाखूच हो, दातांचं औषध नव्हे!). देवाला गाऱ्हाणं घाला हवं तर, पण बीपी-साखर तपासा, चिंतेवरही उपचार घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. धडधडीसोबत घाम किंवा हातात कळ आली, तर थेट रुग्णालय गाठा.