गाणे, ब्राउझर आणि व्हायरस: तुमच्याकडं काय चाललंय?

गोलाईकर (लातूर)
मंडळी, विषय जरा खिचडी आहे पण समजून घ्या. घरी जुना डेस्कटॉप आहे, विंडोज ७ वाला, दुकानाचा हिशोब झाला की रात्री त्याच्यावर गाणे लावणे एवढंच आता त्याचं काम. मोठे स्पीकर जोडलेत, सबवूफरसकट, म्हणून काढून टाकायला मन होईना. पण क्रोमवर सारखी पट्टी यायली की इथून पुढं अपडेट नाही. १०९ नंबरचं व्हर्जन हे विंडोज ७ साठी शेवटचं, २०२३ पासून गाडी तिथंच उभी आहे. भाचा म्हणतो मामा ते भंगारात घाला, व्हायरस येईल. दुकानातला पोरगा म्हणतो अँटिव्हायरस टाका, काय होत नाही. कुणाचं ऐकावं? तर तुम्ही गाणे कशावर ऐकता, ब्राउझर कोणता, व्हायरसचा कधी झटका बसला का, आणि सध्या नवीन काय ऐकायलात, सगळं एकत्रच लिहा. भाषण नको, घरचं सांगा.

परभणीचा पावणा
आमची सुरुवात मेमरी कार्डापासून. उरुसाच्या दिवसात स्टेशन रोडला मोबाईल शॉपीवाले बाहेर टेबल टाकून बसायचे, "दोन जीबीत हजार गाणे" असा बोर्ड. आता हिशोब लावा, १२८ केबीपीएसचं गाणं मिनिटाला जवळपास एक एमबी खातं, पाच मिनिटाचं धरलं तर दोन जीबीत चारशेच्या आसपास बसतात, मग हजार कसे? तर तो गडी सगळे दाबून ६४ वर आणायचा, तरी आठशेच्या आसपासच बसायचे, बाकी बोर्डाचा फुगा. ढोलकी पत्र्याच्या डब्यावानी वाजायची पण कुणाला काय पडलं होतं.

नेट म्हणजे ऑपेरा मिनी. एक गोष्ट नव्या पोरांना पटत नाही ती सांगतो, त्याच्यात मराठी दिसायचंच नाही, नुसत्या चौकोनी डब्या. मग कुणीतरी सांगितलं की अ‍ॅड्रेसच्या जागी ऑपेरा कोलन कॉन्फिग टाईप करा, खाली जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्ट 'येस' करा, सेव्ह करा. केलं की अक्षरं फोटोसारखे यायचे पण यायचे. गाण्याचे शब्द वाचायला मिळाले त्याचा आनंद काय सांगावा! पेजबी हलकं यायचं, कारण त्यांच्या सर्व्हरवर आधी दाबून मग आपल्याकडं पाठवायचे, टूजीवर तेच परवडायचं. नंतर सगळ्यांनी यूसी ब्राउझर घेतला, डाउनलोड मधीच तुटलं तरी पुन्हा तिथूनच सुरू व्हायचं म्हणून. तो जून २०२० मधी सरकारनं टिकटॉकसोबत बंद केला. आता फोनवर क्रोमच, जे फोनमधी आलं ते.

नांदेडचा साउंडवाला
आमचा धंदाच गाण्याचा, त्यामुळं जरा लांबेल, चालवून घ्या.

मराठवाड्यात नवीन अल्बमचा खरा सीझन दिवाळी नाही, १४ एप्रिल आहे. मार्च संपता संपता नवे भीमगीतं यायला लागतात, आधी कॅसेट, मग सीडी, आता यूट्यूब. १४ जानेवारीला नामविस्तार दिन, १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हापासूनचा, त्यालाबी काही नवीन निघतंच. प्रल्हाद शिंदेंचं जुनं वाजल्याशिवाय तर कार्यक्रम सुरूच होत नाही, मग आनंद शिंदे, मग आदर्श शिंदे, तीन पिढ्या एका पेनड्राईव्हमधी. आणि घोळ त्या पेनड्राईव्हचाच आहे.

प्रत्येक मंडळाचा पोरगा स्वतःचा पेनड्राईव्ह घेऊन येतो, "दादा आमचं हे लावा". हा पेनड्राईव्ह आधी कुठं कुठं फिरून आला देव जाणे. पूर्वी एक्सपीवर नुसता खोचला तरी काम तमाम, ऑटोरननं आपोआप चालू व्हायचा. मायक्रोसॉफ्टनं ते २०११ च्या फेब्रुवारीत अपडेट देऊन बंद केलं, पण आमच्याकडं अपडेट करतंय कोण. मग दुसरा प्रकार आला. पेनड्राईव्ह उघडला की सगळे फोल्डर दिसतात, नाव बरोबर, फक्त चिन्हाच्या कोपऱ्यात बारीक बाण. तो बाण दिसला की हात मागं घ्यायचा! ते फोल्डर नाही, शॉर्टकट आहे, दाबला की व्हायरस आधी चालतो आणि मग फोल्डर उघडतो म्हणून माणसाला कळतबी नाही. खरे गाणे तिथंच असतात, लपवलेले. एका जयंतीला मिरवणूक चौकात, पोरं तापलेले, आणि मंडळाच्या पेनड्राईव्हमधी एकबी गाणं दिसेना, अध्यक्ष म्हणे तुम्ही डिलीट केले. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून अ‍ॅट्रिब कमांड मारली, फोल्डरवर लागलेले हिडन आणि सिस्टीमचे शिक्के काढून टाकले, धडाधड सगळे फोल्डर वर आले. त्या दिवसापासून ते मला इंजिनियरच म्हणायलेत.

अजून एक, विंडोजमधी फाईलचं शेपूट लपवलेलं असतं ते उघडं करून ठेवा. व्ह्यूमधी जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शनवर टिक. नाहीतर गाण्याचं नाव, पुढं एमपी३, आणि त्याच्याबी पुढं ईएक्सई, हे शेवटचं दिसतच नाही आणि माणूस डबल क्लिक करून मोकळा.

ब्राउझर म्हणाल तर मिक्सरजवळच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स. वाजवायचा लॅपटॉप नेटला जोडतच नाही, पेनड्राईव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासूनच पुढं. पोरं चिडतात, चिडू द्या.

अंबाजोगाईची बाई
वरचं वाचून बरं वाटलं, मला वाटायचं हे फक्त आमच्या शाळेतल्या लॅबमधेच होतं.

एमएस-सीआयटीच्या क्लासला आमच्या सरांनी लव्ह लेटरवाल्या व्हायरसची गोष्ट सांगितली होती, मे २००० मधली. ईमेलला प्रेमपत्र जोडलेलं, उघडलं की तुमच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना आपोआप पुढं जायचं. त्यानं फोटोच्या फाईली पार पुसून टाकल्या, पण एमपी३ मात्र पुसले नाहीत, नुसते लपवले आणि त्याच नावानं शेजारी स्वतःची कॉपी ठेवली. सर म्हणायचे, चोर रसिक होता.

मी शास्त्रीय ऐकणारी, आमच्या इथं ते वातावरण आहेच, नाथराव नेरळकरांचं गाणं समोर बसून ऐकलेली माणसं अजून आहेत गावात. त्यामुळं मला तुकडे तुकडे चालत नाहीत. विलंबित ख्याल रंगात आला आणि मधेच कर्जाची जाहिरात, डोकं फिरतं. म्हणून क्रोम सोडला. आधी त्यात जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकलेलं होतं, पण गूगलनं जुन्या पद्धतीचे एक्स्टेन्शन टप्प्याटप्प्यानं बंद केले त्यात ते गेलं, आता तिथं लाइट नावाचं हलकं रूप मिळतं. फायरफॉक्समधे पूर्ण चालतं. एवढ्या एका कारणावर ब्राउझर बदलला, बाकी मला दोन्हीत काही फरक कळत नाही.

आणि हो, पूर्वी अ‍ॅड्रेसशेजारी कुलूप दिसलं की आम्ही मुलांना सांगायचो, सुरक्षित आहे. ते आता सांगू नका. कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या मधे कुणी वाचू शकत नाही, समोरची साइट लबाड नाही असा अर्थ होत नाही. क्रोमनं तर ते चिन्हच काढलं २०२३ मधे.

धाराशिवकर
आकाशवाणी. ना ब्राउझर ना व्हायरस. लाईट गेली तरी सेलवर चालतं. पुढं चालू द्या.

जालन्याचं पोट्टं
काका लोकं तुम्ही अजून फाईली साठवायलात हेच मला भारी वाटायलंय 😄 आमच्याकडं फाईलच नाही तर व्हायरस कुठं बसणार. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ ला इंडियात आलं तेव्हापासून फोनवर तेच, फुकटवालं, जाहिराती सकट. लॅपटॉपवर ब्रेव्ह.

आणि अल्बम अल्बम काय करता, आता अल्बम येतोय कुठं, सिंगल येतं. संजू राठोड जळगावकडचा, २०२४ ला गुलाबी साडी एकच गाणं आलं आन पार लग्नाच्या वरातीपासून रीलपर्यंत तेच. त्याच वर्षी तांबडी चामडी आलं, त्याच्यावर तर मराठी न कळणारे बी नाचले. दोन्ही सिंगल. दहा गाण्यांची वाट पाहायला टाईम कुणाला आहे.

व्हायरसचं म्हणाल तर आता तो व्हॉट्सअपवर येतो, लग्नपत्रिका म्हणून. आमच्या भावकीच्या ग्रुपवर आली होती, नाव 'शुभविवाह' आणि शेवटी एपीके. पत्रिका कधी एपीके असते का राव? ती पीडीएफ नाहीतर फोटो असते. एपीके म्हणजे अ‍ॅप, ते इन्स्टॉल झालं की मेसेज वाचायची परवानगी मागतं, दिली की ओटीपी त्यांच्याकडं. लग्नसराईत रोज दहा पत्रिका येतात तर माणूस दाबतोच. आमच्या ग्रुपवर आत्यानं ओळखलं, म्हणे ह्या नावाचा नवरदेव आपल्या भावकीत नाहीच!! कुणाचे पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, जितका उशीर तितकं अवघड.

बीडचा, सध्या पुण्यात
वडील बीडला, मी इथं. वडलांना रोज सकाळी अभंग लागतात, कीर्तन लागतं, त्यासाठी लॅपटॉप घेऊन दिला. एकदा फोन आला, आवाज कापरा, "अरे कॉम्प्युटरला पाच व्हायरस झालेत, लाल अक्षरात यायलंय, शटर बंद करू का?" (शट डाऊन म्हणायचं होतं.) व्हिडिओ कॉलवर बघितलं तर उजव्या कोपऱ्यात खाली पाट्या एकावर एक, अँटिव्हायरस संपला, बँक खातं धोक्यात, इथं दाबा. लॅपटॉपमधी व्हायरस एकही नव्हता! गाण्याच्या कुठल्यातरी फुकट साइटनं विचारलं होतं, तुम्ही रोबोट नाहीत हे सांगायला अलाऊ दाबा. ते दाबलं म्हणजे त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी. मग ती दिवसभर घाबरवत बसते, आणि घाबरून कुणी दाबलं की पुढं पैसे मागणारा फोन नंबर नाहीतर डाउनलोड.

उपाय सोपा आहे, ब्राउझरच्या सेटिंगमधी साइट सेटिंग, नोटिफिकेशन, तिथं अनोळखी नावं काढून टाका आणि 'साइटला विचारूच देऊ नका' हे लावून टाका. फोनवर समजावून सांगताना मात्र जीव गेला, "अण्णा तीन टिंबं दाबा", "कुठले टिंबं, इथं लई टिंबं आहेत".

गोलाईकरांना सांगायचं तर त्या फुकट गाण्यांच्या साइटवर हिरवं मोठं डाउनलोड बटण असतं ना, ते बहुतेक वेळा जाहिरातीचंच असतं, खरं डाउनलोड खाली बारीक अक्षरात. कोणताही ब्राउझर वापरा, ते बटण दाबलं की सगळे सारखेच.

गुलमंडीवाला (छत्रपती संभाजीनगर)
सगळे फुकटवाल्यांना धुवायलेत म्हणून उलटी बाजू. २००५ ला सोनी बीएमजीच्या विकतच्या, ओरिजिनल सीडींमधीच लपलेलं सॉफ्टवेअर होतं. कॉपी होऊ नये म्हणून टाकलेलं. सीडी कॉम्प्युटरला लावली की ते विंडोजमधी खोल जाऊन बसायचं आणि स्वतःला लपवायचं, ज्या फाईलचं नाव ठराविक चिन्हांनी सुरू होईल ती फाईल दिसेनाशीच करायचं. मग खऱ्या व्हायरसवाल्यांनी तशीच नावं ठेवून आपले व्हायरस त्याच्या आडोशाला बसवले. मार्क रसिनोविच नावाच्या माणसानं ३१ ऑक्टोबर २००५ ला ते उघडं पाडलं, बावन्न अल्बमांमधी होतं, सीडी परत घ्याव्या लागल्या. म्हणजे पैसे मोजून घेतलं तरी घरात पाव्हणा कोण येतोय ते बघावंच लागतं.

पोट्ट्याला एक सांगू का, २०१६ च्या सैराटच्या संगीताचं अमेरिकेत लॉस एंजेलिसला अख्खा ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्डिंग केलं अजय-अतुलनं. ते व्हायोलिन परभणीच्या पावण्याच्या ६४ वाल्या कार्डात ऐकू तरी येतील का? आणि फोनच्या स्पीकरवर तरी येतात का? गोलाईकरांचे स्पीकर खरे, ते ठेवा.

जालन्याचं पोट्टं
इयरफोन आहेत काका माझ्याकडं.

गोलाईकर (लातूर)
सगळ्यांचं वाचलं, लई काम झालं. भाच्याला बोलावून फायरफॉक्सची ११५ ची ईएसआर, म्हणजे लांब मुदतीची आवृत्ती, टाकून घेतली, ती विंडोज ७ वर चालते, त्यात बाईंनी सांगितलेलं युब्लॉक. बँक, यूपीआय त्या मशीनवर बंद, ते फोनवरच. दुकानातल्या पोराचा पेनड्राईव्ह त्याला लावायचा नाही हेबी सांगितलं, त्याचं तोंड पडलं. आता एकच अडचण, भाच्यानं त्याचं स्पॉटिफाय लॉगिन करून दिलं तर फायरफॉक्समधी गाणं वाजेनाच, वर काहीतरी विचारतंय आणि मी आता काहीच अलाऊ करायला भ्यायलोय.

जालन्याचं पोट्टं
मामा ते अलाऊ वेगळं 😂 ते डीआरएमचं विचारतंय, कॉपी-संरक्षण असलेलं गाणं वाजवू का म्हणून. एनेबल करा, पेज रिफ्रेश करा, वाजतंय. मी ब्रेव्हमधी बी तेच केलतं.

नांदेडचा साउंडवाला
वाजलं का सांगा. आणि एप्रिलमधी नवीन काय आलं की इथंच टाकतो, यूट्यूबची लिंक टाकतो, फाईल मागू नका.