राजाचा मग आणि मगाचं बूड

बूडपाहू: लंडनच्या खरेदीवर काल इथेच एकानं लिहिलं, "राजाचं चित्र पुढे छापलंय ना? मग कुठल्या देशात बनलं हे उलटं करून बघणारे निव्वळ रिकामटेकडे." तो रिकामटेकडा मी. बारा वर्षं स्टोक-ऑन-ट्रेंटला, इंग्लंडमधल्या चिनीमातीच्या भांड्यांच्या गावात काढलीत. तिथली माणसं हॉटेलातही ताटली उलटी करून शिक्का वाचतात, त्याचीच सवय.

२०२३ च्या राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकाला आईसाठी मग घेतला. पुढे मुकुट, झेंडा, ६ मे. घरी धुताना पाहिलं तर बूड कोरं! एक चिकटपट्टी होती, ती कोमट पाण्यात सुटून हातात आली. तिच्यावर वितरकाचा इंग्लंडमधला पत्ता, देशाचं नाव कुठेच नाही. आणि हे नियमात बसतं! तिथे मूळ देश लिहायची सरसकट सक्तीच नाही. ज्या वस्तूत 'ब्रिटिश' या भावनेचेच पैसे घेता, तिच्यावर तरी सक्ती करा.

कलम३६: करून झालीय. १९८१ मध्ये ब्रिटननं कपडे, पादत्राणं, सुऱ्या-काटे, घरगुती विजेची उपकरणं यांवर देशाचं नाव सक्तीचं केलं. १९८५ ला युरोपीय न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. आयर्लंड तर त्याआधीच आपटलं होतं. शॅमरॉक, वुल्फहाउंड असली आयरिश चिन्हं असलेल्या आयात दागिन्यांवर 'परदेशी' असं किंवा देशाचं नाव लिहा, हा त्यांचा हट्ट. जून १९८१ मध्ये कोर्ट म्हणालं, स्मरणवस्तू म्हणजे पाहिलेल्या जागेची आठवण. ती तिथेच बनलेली असावी असं काही नाही. पुढच्याच महिन्यात चार्ल्स-डायनाचं लग्न!

बूडपाहू: ब्रिटन युरोपीय संघातून कधीच बाहेर पडलं. जुनी ढाल किती दिवस पुढे करणार?

कलम३६: बरं. मग मालाच्या वर्णनाबद्दलच्या १९६८ च्या ब्रिटिश कायद्याचं कलम ३६ घ्या. जिथे शेवटचा भरीव बदल झाला, तो मूळ देश. कोरा मग बाहेरून आला, स्टोकमध्ये चित्र चढवून भट्टीत भाजला. सांगा, कुठला?

येवल्याची_लेक: आमच्या पैठणीचं रेशीम बेंगळुरूचं, जर सुरतेची, विणतो येवल्यात. ती आमचीच ना?

पैठणकर: नाव पैठणचं, पैसा येवल्याला, आणि वर "आमची"! बहिणीच्या लग्नात तुमच्याकडून 'हातमागाची' म्हणून आणली, आतून बघितली तर दोऱ्यांचा गुंता. यंत्रमाग! अठरा हजार पाण्यात.

येवल्याची_लेक: एका दुकानदारावरून गावाला शिव्या? मागावर बसून माझ्या वडिलांची पाठ वाकली. पैठणात आज माग किती चालतात ते सांगा आधी.

पैठणकर: मोजायला या. येताना जीभ घरी ठेवून या.

बूडपाहू: अहो, मग! माग नाही, मग!

लेस्टरची_सून: चीनहून आलं म्हणून एवढं काय बिघडतं? २०२२ मध्ये तिथूनच आलेल्या १०,८०० कप-बश्यांवर राणीच्या 'जुबिली'चं 'जब्ली' झालं होतं, आणि लोक त्यावर तुटून पडले. सासूबाईंकडे आठव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचा मग आहे, १२ मे १९३७ चा. राज्याभिषेक झालाच नाही, राजा आधीच पायउतार! अस्सल इंग्लिश शिक्का, न घडलेल्या सोहळ्याखाली. घ्या तुमचा खरेपणा.

कलम३६: एक ओळ छापायला खर्च येत नाही, एवढं मान्य. पण राजघराण्याच्या अधिकृत दुकानातला राज्याभिषेकाचा संच स्टोकमध्येच बनला होता, तसं ते मिरवतही होते. स्वस्तातला उचलायचा आणि सरकारकडे रडायचं!

बूडपाहू: चूक माझी, उचलला स्वस्तातला. आईला सांगितलं तर म्हणाली, "राजा आहे ना त्यावर? झालं." आता त्यात झारा आणि उलथनं असतं.

येवल्याची_लेक: पैठणकर, घेताना पदर उलटा करून पाहिला होतात का? हातमागाची दोन्हीकडून सारखी दिसते, आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं.

पैठणकर: नव्हता पाहिला. थंड वाटलं?